भोपळ्याचा आकडा

"एकोणऐंशी!" सुदर्शन सरांनी आकडा मोठ्याने वाचला, तशी विश्रांतवाडीच्या त्या सभागृहातली दीडशे माणसं पुढे सरसावली. खुर्चीतल्या बाईंच्या गुडघ्यावर सरांनी दहा मिनिटं हात फिरवला, पावडर लावून पुसली आणि यंत्राची दोन पितळी बोंडं पुन्हा टेकवली. "बावीस!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"इथे अंगारा नाही, धागा नाही, लिंबू नाही," पांढऱ्या कोटाची कॉलर सारखी करत सर म्हणाले. "इथे फक्त आकडा. साठच्या वर आजार जिवंत, विसाच्या खाली मेला. याला म्हणतात विज्ञान!"

तिसऱ्या रांगेत सुखदेव खरात यांनी मान डोलावली. वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून त्यांच्या घरात अंगारा शिरला नव्हता. एखादा बुवा दाराशी आला असता, तर सुखदेवरावांनी त्याला जिन्याच्या पायऱ्या मोजायला लावल्या असत्या. पण सर बुवा नव्हते. सर आकडे दाखवत होते, आणि सुखदेवरावांनी तीस वर्षं कारखान्यात सुटे भाग मापून पास-नापास करण्यात घालवली होती.

संशय त्यांना यायचा तो डॉक्टरांचा. उजव्या मांडीच्या हाडात गाठ निघाली, तुकडा काढून तपासला, नाव ठरलं कॉन्ड्रोसार्कोमा. डॉ. प्रियदर्शनींनी कागदावर हाड काढून समजावलं होतं. "सांध्यात जी मऊ कूर्चा असते ना, तशीच कूर्चा तयार करणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. दुर्मीळ आहे. केमो आणि रेडिएशनला हा सहसा दाद देत नाही. म्हणून गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी थरासकट अखंड काढायची आणि तिथे धातूचं हाड बसवायचं. आत्ता केलं तर पाय वाचेल. उशीर झाला तर गाठ फुप्फुसात जाऊ शकते."

सुखदेवरावांच्या मनात एवढंच राहिलं, की औषध चालत नाही. सरांनी नेमकं तेच उचललं. "डॉक्टरच कबूल करतात ना, औषध नाही? मग उरली सुरी. आणि सुरी लागली की गाठ पसरते, खरातसाहेब!"

ऑपरेशन मंगळवारी होतं. आज रविवार. आज सगळ्यांसमोर सुखदेवरावांनी हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द करायची, असं सरांनी ठरवलं होतं.

आदल्या संध्याकाळी त्यांची मुलगी दीक्षा खराडीच्या ऑफिसातून आली, तेव्हा वडिलांनी तिला सरांच्या यंत्राचे आकडे टिपलेली वही दाखवली. चौऱ्याऐंशी, एकाहत्तर, अठ्ठावन्न, त्रेचाळीस. ती भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "पप्पा, कारखान्यात सकाळी पहिलं काम काय करायचात?"

"गेज तपासायचो. ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे, त्या मास्टर पीसवर. गेजच खोटं असेल तर दिवसभराची मापं रद्दी."

"मग या यंत्राचा मास्टर पीस कुठला?"

सुखदेवराव वही मिटून बसले. रात्रभर त्यांना पायापेक्षा तो प्रश्न जास्त ठणकला.

"खरातसाहेब, या!" सभागृहात सरांनी हाक मारली. "फोन आणलाय ना?"

"आणलाय. त्याआधी एक विनंती." सुखदेवराव काठी टेकत पुढे गेले. "हे आधी माझ्या डाव्या पायावर लावा. तो धडधाकट आहे."

मदतनीस बाईंनी सवयीने डावी मांडी ओल्या बोळ्याने पुसली. बोंडं टेकली. एक्क्याऐंशी.

सभागृहात कुजबुज झाली. सर हसले. "आजार आतून पसरतोय, पाहिलंत?"

"अहो, मग हा घ्या!" मंडईतून आणलेला दुधी भोपळा पिशवीतून उपसत मागच्या रांगेतल्या कांताबाई उठल्या. सर पुढे व्हायच्या आत सुखदेवरावांनी ओला बोळा भोपळ्यावर फिरवला, यंत्र लावलं आणि आकडा वाचला. "एकोणऐंशी."

मग त्यांनी बोळा जिभेला लावला. खारट होता. मसाजनंतर सर लावायचे ती पावडर त्यांनी भोपळ्यावर चोळली, फडक्याने पुसली आणि पुन्हा बोंडं टेकवली.

"अठरा. सर, भोपळा बरा झाला."

हशा पिकला, पण गुडघ्याच्या बाई हसल्या नाहीत. "म्हणजे माझं बावीस?"

"ताई, एका बोंडातून दुसऱ्यात बारीक वीज जाते. मिठाच्या पाण्याने कातडी ओली असली की जास्त जाते, कोरडी असली की कमी. हे यंत्र ओल मापतं. हाडापर्यंत ते पोचतच नाही."

"श्रद्धा नसलेल्यांवर उपचार लागू होत नाहीत!" सर ओरडले.

"आत्ताच तर विज्ञान होतं," कांताबाई म्हणाल्या. "इतक्यात श्रद्धा झाली?"

सुखदेवरावांनी हॉस्पिटलला फोन केला खरा, पण येतो म्हणून सांगायला. सर रोज घ्यायला देत त्या औषधी पुड्यांबद्दलही तेव्हाच सांगितलं. डॉक्टरांनी त्या तपासायला पाठवल्या, तर त्यात वेदनाशामक गोळ्यांचा चुरा निघाला. दुखणं दबलं होतं. गाठ होती तिथेच होती.

मंगळवारी टेबलावर जाण्याआधी त्यांनी दबकत विचारलं, "मॅडम, तुमचं स्कॅनचं मशीन कोण तपासतं?"

डॉ. प्रियदर्शनी रागावल्या नाहीत. त्यांनी मशीनच्या तपासणीची तारीख असलेला कागद मागवला आणि सुखदेवरावांच्या हातात दिला. "वाचा. आणि गाठ काढल्यावर तिच्या कडाही आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली तपासणार. कडेला कर्करोगाच्या पेशी दिसल्या, तर तेही सांगेन."

कडा स्वच्छ निघाल्या. धातूच्या हाडावर चालायला शिकायला सुखदेवरावांना पाच महिने लागले. ठरावीक महिन्यांनी छातीचा स्कॅन करावा लागतो, आणि तो ते चुकवत नाहीत.

परवा हॉस्पिटलात स्कॅनच्या रांगेत शेजारच्या माणसाने त्यांना विचारलं, "काका, खरा डॉक्टर ओळखायचा कसा?"

"त्याला विचारायचं, तुमचं माप कोणी तपासलं," सुखदेवराव म्हणाले. "कागद दाखवला तर थांबायचं. श्रद्धा मागितली तर उठायचं."