काजळी पाठीचा सुरय

मित्रांनो, मी बरंचसं आयुष्य उडत काढलेला एक समुद्री पक्षी, सुरय आहे. लक्षद्वीपकडच्या एका वाळूच्या बेटावर माझा जन्म झाला. तेव्हा मी तपकिरी होतो, पाठीवर पांढरे ठिपके. आई आम्हाला पिसांवरून शेजारी ओळखायला शिकवायची. तपकिरी अंग, डोक्यावर पांढरट टोपी, तो आपला सोयरा. काळाकुट्ट, गळ्याशी लाल फुगा, तो लुटारू. चोचीतला मासा हिसकावतो. मोठेपणी माझी पाठ काजळासारखी झाली, पोट आणि कपाळ पांढरंशुभ्र.

यंदाच्या वादळानं मला उचललं, ते थेट परंड्याजवळच्या एका वाडीत, सप्ताहाच्या मांडवात आणून टाकलं. काल्याचं कीर्तन नुकतंच संपलं होतं.

“शिवू नका, सिताक्का! टिटवी हाय ती,” मेंढरं राखणारा बंडप्पा म्हणाला. “वरडली तर गावाला भोवंल.”

“टिटवीचं पाय पिवळं न् लांब असत्यात रं. ह्याचं बघ, बदकावानी कातडीनं जोडल्यालं. आन कपाळाला गंध! महाराज आत्ताच म्हणलं न्हाय का, सगळ्या भूतात देव बघा म्हणून? पाण्याचं पाखरू हाय, पाण्यात सोडू.”

“तुमी न् तुमचं कीर्तन!”

सिताबाईंनी पाय बरोबर ओळखले होते. पण बदकाची पिसं तेलकट असतात, पाणी त्यांवरून ओघळून जातं. माझी तशी नाहीत. मी लाटेवरचा मासा टिपतो, पण पाण्यावर बसत नाही. दमलो तरी उडतच राहतो. हे त्या माउलीला कोण सांगणार? ‘रामकृष्णहरी’ म्हणत त्यांनी मला वाडीच्या तळ्यात हळूच सोडलं. पिसं भिजली, पंख शिशासारखे जड झाले, चोच पाण्याखाली गेली.

“अक्का, बुडतंय की ते!” बंडप्पा धोतरासकट पाण्यात शिरला.

मला पदरानं टिपताना सिताबाई रडत होत्या. “वाचवाय गेले आन म्याच बुडवत हुते रं, देवा!”

“मीबी टिटवीच म्हणलो की. आपुन दोघंबी आंधळं,” म्हणत बंडप्पानं गाडीला किक मारली आणि जनावरांच्या डॉक्टरांना आणायला तो परंड्याला गेला.

आता मी सिताबाईंच्या ओसरीवर आहे. एक पंख अजून उघडत नाही. समुद्र पुन्हा दिसेल की नाही, ठाऊक नाही. मित्रांनो, माया जरूर करा. पण त्या जिवाला काय सोसतं, ते आधी जाणत्याला विचारा.

सिताबाईंनी माझ्यासाठी वाटीत काल्याचा घास आणला होता. चोचीपाशी येऊन त्यांचा हात थांबला. “हे तरी चालतंय का रं तुला?” त्यांनी विचारलं. वाटी बाजूला सारून त्या डॉक्टरांची वाट बघत माझ्याजवळ बसल्या आहेत.