करडी घोडी बंद झाली तेव्हा

आमच्या ओहायोतल्या गावच्या पार्कातला लाकडी रोलर कोस्टर नव्वद वर्षांचा होता. सगळे त्याला करडी घोडी म्हणत. लॉवेल क्रँट्झ हा तिथला सुतार. एकतीस वर्षं रोज सकाळी तो हातोडी घेऊन रुळाच्या कडेने वर चढायचा, तुळयांवर ठोकून आवाज ऐकायचा आणि खाली येऊन तपासणीच्या कागदावर सही करायचा. मी ब्रेकच्या दांड्यापाशी असायचो.

मागच्याच्या मागच्या ऑगस्टमध्ये तिसऱ्या उतारावर गाडीला जोराचा हिसका बसला. शेवटच्या डब्यातल्या वर्ना पिट्झर या शिक्षिकेची मान मोडली. ती जगली, पण हातपाय कायमचे लुळे पडले. चौकशीत लॉवेलवर ठपका आला नाही. मला मात्र त्याने सांगितलं, की त्या आठवड्यात तिथला आवाज पोकळ वाटला होता. गर्दीचे दिवस, म्हणून सही करून टाकली.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याने तिथल्या तुळया उघडल्या. वरून रंग ठणठणीत, आत भिजल्या पावासारखा लगदा. चाकांचे सुटे भाग बनवणारा कारखाना तर कधीच बंद पडला होता. व्यवस्थापक मार्लीन म्हणाली, चार तुळया बदलू आणि उन्हाळा काढू. लॉवेलने कागद तिच्यापुढे सरकवला.

"तू कर सही."

"मला लाकडातलं काय कळतं?"

"मला कळतं. म्हणूनच मी करत नाही."

तिनेही केली नाही. विमा कंपनीने हात वर केले आणि मे महिन्यात बंदची पाटी लागली. चाळीस जणांचं काम गेलं. खानावळीत लोक लॉवेलच्या टेबलाशी बसेनासे झाले. तिकीट खिडकीवरचा त्याचा सख्खा भाऊ ड्वेन चारचौघांत म्हणाला, "आता बरे कान उघडले तुझे." लॉवेल कॉफी अर्धी टाकून उठला.

घोडी पाडायचं काम त्याने मागून घेतलं. ते संपल्यावर तो वर्नाकडे गेला. मीच गाडीने नेलं त्याला. पोकळ आवाजाचं त्याने सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"हो."

तिने नवऱ्याला दार उघडायला सांगितलं. आम्ही निघालो.

हिवाळ्यात लॉवेल घर विकून टोलिडोला मुलीकडे राहायला गेला. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मुलगी म्हणाली, बाबा झोपलेत.