स्क्रीनवरचा पापुद्रा

हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमना नव्या स्क्रीन बसवणं हा माझा धंदा आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात, आणि मग आपल्या घरच्या कपाटात तसला एखादा पडलाय का हे आठवू लागतात. बहुतेकांकडे असतो. लहानपणी उशाशी घेऊन झोपलेला, बॅटरीच्या खणात गंज चढलेला तो जाडजूड डबा घेऊन ते माझ्याकडे येतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते, की लहानपणी कसं स्वच्छ दिसायचं आणि आता काही म्हणजे काही दिसत नाही. लहानपणीही दिसत नव्हतं, हे मी त्यांना सांगत नाही. त्या स्क्रीनला स्वतःचा उजेडच नव्हता. खिडकीशी बसून, मान वाकडी करून, शेवाळलेल्या पाण्यात डोकावल्यासारखं त्यात बघावं लागायचं. मी ती जुनी स्क्रीन काढतो, आतले प्लास्टिकचे खुंट कटरने छाटतो, उजेडाची नवी स्क्रीन बसवतो, दोन-चार ठिकाणी सोल्डर करतो आणि वरून काच चिकटवतो. ऐकायला सोपं वाटतं, करताना नाकी नऊ येतात.

नाकी नऊ आणते ती धूळ. नव्या स्क्रीनवर एक संरक्षक पापुद्रा असतो, कांद्याच्या आतल्या सालीइतका पातळ, एका कोपऱ्यात धरून ओढायला हिरवं शेपूट असलेला. काच चिकटवण्याच्या अगदी आधी तो काढायचा, कारण तो निघाला रे निघाला की स्क्रीन आसपासची धूळ ओढून घेते, आणि एक कण जरी काचेखाली अडकला तरी गिऱ्हाईक नेमकं त्यावरच बोट ठेवतं. म्हणून हे शेवटचं काम मी बाथरूममध्ये करतो. गरम पाण्याचा नळ सोडायचा, वाफेने धूळ खाली बसू द्यायची, अंगातला शर्ट काढून ठेवायचा, कारण त्याचेही तंतू उडतात, आणि पालथ्या बादलीवर उघडंबंब बसून हात चालवायचे. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, त्यातली सहा तिने बाथरूमचं दार वाजवण्यात घालवली, असं माझी बायको म्हणते.

बायको इस्पितळात एक्स-रे काढते. मी सांगतोय त्या आठवड्यात तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात जागा मिळालेली होती, रविवारी निघून सोमवारी रुजू व्हायचं होतं, आणि मी बरोबर जाणार की मागे राहणार एवढंच ठरायचं बाकी होतं. ते मला ठरवायचं होतं. तिच्याशिवाय या घरात मला चार दिवसही राहवणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, पण तिने विचारलं की मी म्हणायचो, "हातातलं एवढं संपू दे." ती कपड्यांच्या घड्या घालत राहायची.

हातातलं म्हणजे पंचांचं काम. पंच म्हणजे फुटबॉलचे पंच, आता निवृत्त. मैदान सुटलं तरी शिट्टी सुटली नव्हती. फोनवर दोन शब्द बोलायचे आणि ठेवून द्यायचे. त्यांचा डबा मी बुधवारी उघडला, स्क्रीन बसवली, वाफ केली, पापुद्रा काढला, काच चिकटवली, बाहेर येऊन खिडकीच्या उजेडात धरला आणि कपाळाला हात लावला. काचेखाली, उजव्या कोपऱ्यात, हिरवं शेपूट.

पापुद्रा काढायला विसरणं हा या धंद्यातला नवशिक्याचा गाढवपणा. पण मी विसरलो नव्हतो. काढलेला पापुद्रा बेसिनच्या कडेला चिकटवून ठेवलेला होता. कारखान्यात चुकून दोन लावले असतील असं म्हणून मी काच तापवून सोडवली, पुन्हा नळ सोडला, पुन्हा शर्ट काढला आणि दुसराही ओढला. बाहेर येऊन बघतो तर ये रे माझ्या मागल्या. तिसरा मी बाथरूममध्येच, डोळ्यांत तेल घालून काढला. तो निघाला आणि त्याच्या खाली, त्याच कोपऱ्यात, तसंच शेपूट. स्क्रीन विकणाऱ्याला निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं की पापुद्रा एकच असतो, आणि तो काढायचा असतो. हे उंटावरून शेळ्या हाकणारे लोक.

गुरुवारी मी दुसरी नवी स्क्रीन लावली. तिचंही तेच. बेसिनची कड पापुद्र्यांनी भरली, बायकोला दात घासायला जागा उरली नाही, तर ती स्वयंपाकघरात घासू लागली. माझा मात्र तिळपापड झाला होता. मी कुणावर ओरडणार? नळावर ओरडलो.

या रागात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. दर पापुद्र्यागणिक चित्र स्वच्छ होत होतं. आता स्वच्छ म्हणजे किती, यालाही मर्यादा असते. त्या खेळातलं सगळं जग मोजक्या चौकोनी ठिपक्यांचं, त्यातला माणूस म्हणजे टोपी, दोन ठिपक्यांचे डोळे आणि चालणारे पाय. नवी स्क्रीन ठिपके उजळ करते, नवे ठिपके कुठून आणणार? तरी शुक्रवारी सकाळी मी खेळ लावला तेव्हा रस्त्याकडेच्या झाडाला पानं होती, सुटी सुटी. घराच्या भिंतीला ओल आलेली होती. आणि मी बटण दाबून चालवत होतो तो माणूस, ज्याला आजवर पोरंसोरं चालवत आली, तो कंटाळलेला होता. त्याचं तोंड मला दिसत होतं. त्याला पुढे जायचं नव्हतं, आणि बटण दाबलं की जावं लागत होतं.

मी बायकोला हाक मारली. "हे बघ जरा. काय दिसतंय?"

तिने चष्मा वर सारून पाहिलं. "छान दिसतंय की."

"त्या माणसाचं तोंड बघ."

"बघितलं. थकलाय बिचारा." तिला यात काही वावगं वाटलं नाही. "कोपऱ्यात ते हिरवं राहिलंय तुझं. काढून टाक की."

"काढलं तरी येतंय ना परत."

"मग नको काढूस," ती म्हणाली, आणि जाता जाता दारात थांबली. "अरे, ठरलं का तुझं?"

"हे एवढं होऊ दे," मी म्हणालो.

संध्याकाळी पंच स्वतःच आले. मी डबा पुढे केला आणि अजून थोडं काम बाकी आहे असं सांगू लागलो, पण त्यांनी तो हातात घेऊन खेळायला सुरुवात केली होती. मला वाटलं, माणूस खूश होईल. थोड्या वेळाने त्यांनी डबा टेबलावर पालथा ठेवला आणि खिशातून रुमाल काढून हात पुसले.

"नको," ते म्हणाले. "जुनी लावा."

"साहेब, जुनी काढताना तडकली. तडकतेच ती. आणि तिच्यात काही दिसत नव्हतं म्हणून तर तुम्ही..."

"चांगलं होतं दिसत नव्हतं ते." ते उठले. दारापाशी जाऊन त्यांनी पायांत बूट घातले, नाडी बांधता बांधता एकदा टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या घरात नको मला ते." डबा तिथेच राहिला. तीन दिवस दगडावर डोकं आपटून मी काम केलं, आणि गिऱ्हाईक म्हणतं चांगलं होतं दिसत नव्हतं ते. मी इतका संतापलो की टेबलावरचा दिवा ढकलून दिला.

दिवा उचलायला वाकलो तेव्हा खिडकीच्या काचेत, खालच्या कोपऱ्यात, हिरवं काहीतरी दिसलं. नखाने धरलं आणि ओढलं. खिडकीएवढा पापुद्रा चरचरत निघाला, आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर दोरीवर वाळत घातलेले कपडे मला शिवणीसकट दिसले. त्या कपड्यांत माणसांचे आकार राहून गेलेले होते, कोपरांचे, गुडघ्यांचे, पोक काढलेल्या पाठीचे. मी पडदा ओढला.

शहाण्या माणसाने इथे थांबावं. पण कुठे शेपूट दिसलं की ते ओढल्यावाचून माझा हात राहत नाही, इतक्या वर्षांची सवय आहे ती. शनिवारी दुपारी बायको शेवटच्या दिवसाची ड्यूटी करायला गेली होती, आणि मी घरात एकटाच एकेक वस्तू न्याहाळत फिरत होतो. घड्याळाला पापुद्रा होता. आरशाला, सुदैवाने, नव्हता. आमचा एक फोटो भिंतीवर आहे, लग्नानंतरच्या आठवड्यातला, समुद्रावर काढलेला, दोघंही हसतोय, तिचे केस वाऱ्याने माझ्या तोंडावर आलेत. त्या फोटोला होता.

मी बराच वेळ उभा राहिलो. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. मग ओढला.

समुद्र तोच होता, केस तेच होते. ती हसत होती, पण माझ्याकडे झुकलेली नव्हती. फोटोच्या कडेबाहेर कुठेतरी बघत होती, आणि तिथे जे काही होतं त्याचीच वाट बघत असावी असं तिचं तोंड होतं. तिच्या शेजारचा मी हसत नव्हतोच. मी कॅमेऱ्याकडे असं बघत होतो की जणू कुणी बटण दाबलं होतं आणि मला तिथे उभं राहावं लागलं होतं. मी पापुद्रा परत वर ठेवून बोटाने घासून बसवायचा प्रयत्न केला. आत बुडबुडे राहिले. एकदा निघालेला पापुद्रा पहिल्यासारखा कधी बसत नाही, हे मी गिऱ्हाइकांना किती वेळा सांगितलंय.

बायको आली तेव्हा फोटो मी उलटा करून ठेवलेला होता. तिने तो पाहिला आणि बॅग भरायला घेतली. त्या रात्री मी ठरवलं. काय ठरवायचं होतं त्यात? हा धंदा कुठेही करता येतो, बाथरूम सगळीकडे असतात. मी तिच्याबरोबर जाणार होतो, आणि सकाळी तिला तसं सांगणार होतो.

सकाळी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली होती. ती बॅगेची चेन लावत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, घसा साफ केला, आणि बोलणार तेवढ्यात तिची नजर माझ्या मानेवर गेली.

"थांब," ती म्हणाली. "मान वळव बघू. कानामागे काय लागलंय तुझ्या?"

मी हात नेला. बोटांना ते लागलं, मऊ, लवचीक, वीतभर नाही पण धरता येईल एवढं. ते काय आहे हे मला बघावं लागलं नाही.

"ओढू?" तिने विचारलं.

नको म्हणायचं होतं मला. मग मनात आलं की तिला तरी एकदा स्वच्छ बघू दे, मी खरोखर यायला निघालोय ते. मी मान तशीच वळवून ठेवली, आणि तिने ते हो समजलं.

"हलू नकोस. श्वास रोखून धर," ती म्हणाली, इस्पितळात म्हणते त्या आवाजात. दुखलं नाही. ओला शर्ट अंगावरून निघावा तसं गार वाटलं, मानेपासून खाली, हातांवरून, बोटांच्या टोकांपर्यंत. मग ती म्हणाली, "सोड," आणि मी श्वास सोडला.

तिने तो पापुद्रा दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरला. त्यात काय होतं ते मी उभा होतो तिथून दिसत नव्हतं, पण तिचं तोंड दिसत होतं, आणि त्याच्याकडे बघून ती ज्या मायेने वैतागली होती तशी माया मी त्या तोंडावर फार दिवसांनी पाहिली. आत्तापर्यंत तुम्हाला माझा जो राग सांगितला तो सगळा आठवणीतून सांगितला. त्या क्षणापासून मला तो आलेला नाही. मी अगदी शांत होतो. शांतपणेच म्हणालो, "मी येतोय तुझ्याबरोबर."

तिने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाने पुढे होऊन सामान उचलू लागावं आणि आपण संकोचावं, तशी ती संकोचली.

"नको, नको," ती म्हणाली. "तुम्ही कशाला त्रास घेता."

तिने बॅग पुन्हा उघडली, मऊ शालीच्या घडीत तो पापुद्रा अलगद ठेवला आणि बॅग उराशी धरून जिना उतरली. मी खिडकीशी गेलो. खाली टॅक्सीवाल्याने मागचं दार उघडलं होतं. ती आत बसली, मग सरकत सरकत पलीकडच्या खिडकीशी गेली, शेजारी एका माणसापुरती जागा केली, क्षणभर थांबली आणि वाकून दार ओढून घेतलं. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा ती शेजारच्या जागेकडे तोंड करून, मला रागवायची तशी, कुणाला तरी रागवत होती.