ठेकेदाराच्या खुर्चीमागची काच

वहिनीच्या दुकानाची दर्शनी काच पहिल्यांदा फुटली तेव्हा सगळ्या रस्त्यानं हळहळ केली. दुसऱ्यांदा फुटली तेव्हा सगळ्या रस्त्यानं सल्ले दिले. शटर लाव, कुत्रा पाळ, दुकान विकून मोकळी हो. काचेच्या दुकानाला शटर लावायचं म्हणजे न्हाव्यानं दाढी वाढवून बसायचं! वहिनीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तिसरी काच बसवली, आधीच्या दोन्हींपेक्षा मोठी. दगड कोण मारतं हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कोपऱ्यावरची ती जागा ठेकेदाराला हवी होती, आणि त्याला हवं ते मिळेपर्यंत त्याची माणसं गप्प बसत नसत.

तिला सगळे वहिनीच म्हणत. खरी वहिनी ती एकाचीच, धाकट्या दिराची. नवऱ्याच्या माघारी दोघं मिळून दुकान चालवत. ती काच कापायची, तो बसवायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा दीर शाळेत जात होता. त्यामुळे चारचौघांत ती त्याला भाऊजी म्हणे आणि राग आला की सरळ अरे-तुरेवर येई.

दिराचं रक्त नुसतं उकळत होतं. "हातावर हात ठेवून किती दिवस बसायचं, वहिनी? आज काच फोडली, उद्या आपली डोकी फोडतील."

"मी वर सांगून ठेवलंय."

"वरचा काय करतोय? बघतोय नुसता!"

"बघतोय ना? मग झालं तर. काम सोपवलं म्हणजे सोपवलं. सुताराला दार करायला द्यायचं आणि तो जेवायला गेला की आपण मागून रंधा मारायचा, असं चालतं का? दार वाकडं झालं की तो म्हणणार, तुम्हीच हात घातलात."

वहिनीची भक्ती डोळे मिटून गप्प बसणारी नव्हती. सकाळी दुकान उघडताना ती देवाशी बोले ती घरातल्या कर्त्या माणसाशी बोलावं तशी, कधीकधी चक्क दरडावून. "आजही उघडं ठेवतेय. तुझ्या भरवशावर. इकडेतिकडे बघत बसू नकोस." समोरच्या शिंप्याला ते ऐकून हसू यायचं. येऊ दे. भीती तिलाही वाटायची. दुकानासमोर मोटरसायकल करकचून थांबली तरी तिची नजर आधी काचेकडे जायची. पण ती भीती ठेकेदाराला दिसू द्यायची नाही, यावर ती हटून होती.

अशात एक दिवस सुतार काम घेऊन आला. ठेकेदाराच्या नव्या ऑफिसचं लाकूडकाम त्याच्याकडे होतं, आणि काचेचं काम तो वर्षानुवर्षं वहिनीलाच देत आलेला. बिचारा चाचरतच म्हणाला, "खुर्चीमागे मोठी खिडकी आहे, जमिनीपासून छतापर्यंत. नको असेल तर तसं सांगा, मला राग नाही यायचा."

"नको का असेल? त्यानं दगड मारले म्हणून मी काच कापायची विसरले की काय?"

यावर दीर काहीच बोलला नाही. आदळआपट नाही, आकांडतांडव नाही. तिथंच वहिनीच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण तिला वाटलं, चला, शहाणा झाला एकदाचा. आपल्या माणसाबद्दल बरं मानून घ्यायची आपल्याला फार घाई असते, तिलाही होती.

काच बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दीर चहाचा कप हातात घेऊन शीळ घालत होता.

"काय रे, लॉटरी लागली?"

"लागेल, दुपारी." त्याच्या पोटात ते राहीना. "आजपासून ठेकेदार त्या खुर्चीत बसतोय. काचेला बाहेरून ऊन, आतून एसीचा गारवा. आणि वरच्या कडेला, लाकडी पट्टीच्या आड, मी कानशीनं खाच मारून ठेवलीय."

काच धडधाकट असेपर्यंत ऊन, थंडी, दाराची धाडधाड, सगळं सोसते. कडेला खाच पडली की मात्र तिचा नेम नाही. एकीकडून तापली, दुसरीकडून गार राहिली, की त्या खाचेतून चीर निघते आणि सरळ धावत सुटते. एवढी उंच, जाड काच खाली आली तर पुढ्यात बसलेल्या माणसाचं काय होईल ते बोलायलाच नको. म्हणून या घरात एक रीत होती: खाच पडलेली काच भिंतीला टेकवून ठेवायची नाही. ज्याच्या हातून पडली त्यानंच तिथल्या तिथं फोडून टाकायची. दिराला ही रीत त्याच्या थोरल्या भावानं शिकवली होती.

वहिनीनं आपला कप खाली ठेवला.

"कुणाला कळायचं नाही," दीर म्हणाला. "काच काय, फुटते कधीकधी."

"मला कळलं ना? आणि त्यालाही कळलं." तिनं वर बोट केलं. "अरे, इतके दिवस मी त्याच्याशी ताठ मानेनं भांडते. म्हणते, माझे हात स्वच्छ आहेत, आता तू तुझं काम कर. उद्या कोणत्या तोंडानं भांडू? तू माझं सगळं बळच घालवलंस. ऊठ, हत्यारं घे."

"वहिनी, तो मला आत टाकेल."

"ऊठ म्हणते ना!"

ती दोघं ऑफिसात पोचली तेव्हा ऊन काचेच्या अर्ध्यावर चढलं होतं. एसी घरघरत होता. ठेकेदार खुर्चीत फोनवर बोलत होता, दाराशी त्याची माणसं उभी होती, तीच ती दगडवाली. कोपऱ्यात सुतार कपाटाचे खण बसवत होता.

ठेकेदारानं फोन बंद केला. "या, वहिनी. जागा द्यायला आलात?"

माणसं फिदीफिदी हसली.

"काच काढायला आले. काचेत दोष आहे. उठा तिथून."

"काल बसवली, आज काढता? हात जोडायला आला असाल तर सरळ जोडा की. बहाणे कशाला?"

"हात मी एकापुढेच जोडते, आणि तो तुम्ही नव्हे. उठा."

तो उठला नाही. उलट खुर्चीत मागे रेलून त्यानं पाय लांब केले. झालं, आता परत जायला वहिनी मोकळी होती. सांगायचं ते सांगितलं, त्यानं ऐकलं नाही, त्याचं नशीब. दारात थिजलेल्या दिराच्या चेहऱ्यावर नेमकं हेच दिसत होतं. वहिनीला त्या चेहऱ्याचा संताप आला. ती टेबलाला वळसा घालून गेली आणि खुर्ची नि काच यांच्यामध्ये, काचेकडे पाठ करून उभी राहिली.

"बसा आरामात. मीही इथंच आहे. आली तर आधी माझ्यावर येऊ दे."

पाठीला काचेची धग लागत होती. देवा, ती मनात म्हणाली, मी बरोबर करतेय की माझं डोकं फिरलंय ते तुझं तू बघ. पण आता पाठीशी तूच उभा राहा, या काचेचा काही भरवसा नाही.

दिराच्या हातातली हत्यारांची पिशवी धाडकन खाली पडली. "वहिनी, बाजूला व्हा! साहेब, उठा! खाच आहे तिला. मी मारलीय, तुमचा जीव घ्यायला मारलीय. उठा!"

ठेकेदार असा उठला की खुर्चीच उलटी झाली. दीर स्टुलावर चढला आणि पटाशीनं पट्ट्या उचकटू लागला. कुणी न सांगता सुतार दुसऱ्या बाजूला लागला. काच पकडायच्या रबरी वाट्या लावून वहिनीसकट तिघांनी ती अलगद चौकटीतून काढली. जमिनीवर आडवी टेकवतात न टेकवतात तोच टक्कन आवाज झाला आणि खाचेतून निघालेली चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

मग ठेकेदाराला वाचा फुटली. "धरा त्याला! पोलिसांना बोलवा!"

एकानं दिराची कॉलर धरली. दुकान गेलं असतं तरी ती ताठ राहिली असती. पण हा पोरगा तिनं वाढवलेला होता. ठेकेदारापुढे जोडायला तिचे हात अर्धे वर आलेसुद्धा. तिनं ते मागे ओढले आणि कमरेवर ठेवले.

"बोलवा. त्यानं केलं ते तो सांगेल, मी त्याला लपवायला सांगणार नाही. तुमच्या माणसांनाही खरं बोलू द्या, म्हणजे पोलिसांचा एकच हेलपाटा होईल."

"माझंच नाव सांगा, साहेब," दीर म्हणाला. "वहिनींना यातलं आज सकाळपर्यंत काही माहीत नव्हतं."

कॉलर धरणाऱ्यानं जमिनीवरच्या काचेकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि त्याची पकड आपोआप सुटली. ठेकेदार हातातल्या फोनकडे बघत राहिला. शेवटी त्यानं तो टेबलावर ठेवला.

"आता या भगदाडाचं काय?"

"आजच नवी काच बसेल."

"कोण बसवणार? हा?"

"हाच."

"आणि मी तिच्याकडे पाठ करून बसायचं? तुमच्या भरवशावर?"

"माझ्या कशाला?" वहिनी म्हणाली. "मी रोज बसतेच की माझ्या काचेमागे, तुमचे दगड माहीत असून. कुणाच्या भरवशावर बसते ते एकदा विचारा स्वतःला. दगड मारायचे तर उद्याही मारा. दुकान उघडंच असेल."

मग ती दिराकडे वळली. "भाऊजी, आधी ती फोडा."

दिरानं हातोडी उचलली. खिडकीचं माप वहिनीला तोंडपाठ होतं. तरीही तिनं पिशवीतून टेप काढला आणि त्याचं टोक ठेकेदारापुढे धरलं.

"धरा. चौकटीला नीट टेकवून. हलू देऊ नका."

ठेकेदारानं आपल्या माणसांकडे पाहिलं. ती दुसरीकडेच बघत होती. मग त्यानं टोक हातात घेतलं.