विकलेली रांग

दुकानात वस्तू असते, पण आपल्यासाठी नसते, हा अनुभव तुम्हाआम्हाला नवा नाही. मोटारींच्या त्या शोरूममध्येही हेच चालायचं. रुंद सरकत्या दाराची, बुटक्या पायरीची नवी गाडी बाजारात आली आणि तिच्यावर लोकांच्या उड्या पडल्या. मागच्या आवारात ताडपत्रीखाली एक-दोन गाड्या उभ्या असायच्या आणि पुढे काचेच्या दालनात सांगितलं जायचं, "वरूनच माल येत नाही हो!" छापील किमतीवर घसघशीत रक्कम मोजणाऱ्यासाठी मात्र माल लगेच यायचा.

हे सांगायचं काम ज्या सेल्समनकडे होतं, त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. नाव अगदी शोभायचं. नकारसुद्धा असा द्यायचा, की माणूस आभार मानून बाहेर पडे.

रांगेत पहिला नंबर टेलरकाकांचा होता. अर्धांगाच्या झटक्याने काकूंचे पाय गेले होते आणि चाकांची खुर्ची थेट आत चढेल अशी ही एकच गाडी. दूर राहणाऱ्या थोरल्या बहिणीला एकदा डोळे भरून बघायचं, एवढीच काकूंची इच्छा. बहीण इतकी थकलेली, की ती येणं शक्य नव्हतं. एका ताटात जेवून वाढलेल्या दोघी, पण कित्येक वर्षांत समोरासमोर आल्या नव्हत्या. काकांनी आपलं दुकान विकून छापील किमतीपुरती जुळवाजुळव केली होती. त्याहून जास्त त्यांच्याकडे काही नव्हतं.

"काका, थोडं वर सरकवलंत तर बघतो मी," एकदा गोडबोल्या हळूच म्हणाला.

काकांनी चष्मा पुसला. "पोरा, लग्नसराईत आमच्याकडेही झुंबड उडायची. दुप्पट शिलाई देणारे दारात उभे असायचे. पण आधी आलेल्याचं कापड बाजूला सारून मागच्याचं कधी शिवलं नाही. तू नफा घे, बाबा. धंदा आहे, घेतलाच पाहिजे. पण रांग तुझ्या मालकीची आहे का विकायला? ती तर उभं राहणाऱ्यांची!"

"पटतंय हो काका, पण मालक ऐकायला हवेत ना!"

विषय हसण्यावारी न्यायला त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्याच आठवड्यात आलेली गाडी एका बंगलेवाल्याला गेली. त्याच्या दारात आधीच दोन गाड्या होत्या. ही तिसरी, कुत्र्याला फिरायला न्यायची!

पुढे मागणी जरा ओसरली, तेव्हा कुठे काकांचा नंबर लागला. गोडबोल्याने उत्साहाने फोन केला, "काका, आली बरं का तुमची गाडी! या लगेच." पलीकडून काका फक्त "येतो" म्हणाले.

शोरूमची एक रीत होती. गाडी न्यायला गिऱ्हाईक आलं, की सगळे कर्मचारी दोन्ही बाजूंना उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली देऊन फोटो काढायचे. काका दारातून आत आले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काकूंना नाही आणलंत? त्यांच्याशिवाय कसला फोटो!" गोडबोल्या ओरडला.

काकांनी टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाले, "ती गेली रे, परवा. नंबर रद्द करायला आलोय."

अरेरे! काय ही वेळ आणि कसल्या त्या टाळ्या! बोलघेवड्या गोडबोल्याने हातातली पुठ्ठ्याची किल्ली पाठीमागे लपवली.

"रांगेत पुढे कोण असेल त्याला दे ही गाडी. छापील किमतीत," काका म्हणाले. "मला बस गाठायचीय. तिच्या बहिणीला अजून कळवलं नाही. फोनवर कसं सांगू?"

"मी सोडतो तुम्हाला," गोडबोल्या कसाबसा म्हणाला आणि गिऱ्हाइकांना चालवून दाखवायची तसलीच एक गाडी त्याने बाहेर काढली.

थोरली बहीण अंगणात खुर्ची टाकून बसली होती. रुंद दाराची गाडी थांबलेली पाहताच ती काठी टेकत उठली. तिचा सगळा चेहरा हसत होता.

"आली का एकदाची गाडी! गेल्या खेपेला फोनवर म्हणाली होती, गाडी मिळाली की निघालेच. उतरवा ना तिला, दमली असेल!"

काका गाडीच्या दाराशीच थबकले. शेवटी गोडबोल्याच पुढे झाला. "आजी, त्या नाही आल्या. त्या... गेल्या. गाडी आधीच आली होती. त्यांचीच होती. मी ती जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला दिली."

म्हातारी खाली बसली. बराच वेळ रडली. रागावली मात्र नाही. डोळे पुसून तिने एवढंच विचारलं, "त्यालाही असंच कुणाला भेटायला जायचं होतं का रे?"

गोडबोल्याला बंगलेवाल्याचा तो कुत्रा आठवला. आपल्या गोड जिभेची त्याला त्या दिवशी पहिल्यांदा शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकाला तोंडावर सांगितलं, "यापुढे मी रांग मोडणार नाही. काढायचं तर काढा." मालकाने थयथयाट केला. पण गोडबोल्याने त्याच्यासमोरच पुढच्या नंबरच्या बाईंना फोन लावला आणि छापील किंमत सांगितली. चांगलंच झालं. पण दोघी बहिणींची भेट काही झाली नाही, ती नाहीच.

मित्रहो, नफा मालावर घ्यावा, दुसऱ्याच्या अडचणीवर नव्हे. आणि चार पैसे जास्त फेकून पुढे घुसणारे आपणही काही कमी दोषी नाही! आपल्याआधी तिथे कोण उभं होतं, कशासाठी उभं होतं, हे एकदा तरी विचारा. घेतलेले पैसे परत करता येतात. हुकलेली भेट कुठून आणून देणार?