पांढरा रंग दिलेला झोपाळा

मी गुजरातेतल्या संखेडा गावचा एक जुना झोपाळा आहे. तांबडी लाख आणि तिच्यावर सोनेरी वेलबुट्टी, हे माझं मूळ रूप. तिथल्या कारागिरांनी माझं सागवान घडवलं, लाख चढवली, केवड्याच्या पानांनी घासून चकाकी आणली. मग मी बडोद्याला इंदुबांच्या बैठकीत पितळी कड्यांवर टांगला गेलो.

मित्रांनो, त्या घरातलं सगळं माझ्यावर व्हायचं. भाजी निवडणं, लग्नाची बोलणी, रुसवेफुगवेसुद्धा. शेवटच्या वर्षी बांच्या पायांत जोर राहिला नाही. तेव्हा त्यांची लेक तरुलता शेजारी बसून पायाने झोका देई.

"हळू गं, मला कुठे गाडी पकडायची आहे?" बा म्हणत.

बा गेल्या. तरुबेनने त्यांच्याच साडीने मला खिडकीच्या गजाला बांधून ठेवलं. ती सुरतेला राहते, त्यामुळे घर विकणं भाग होतं. पण बघायला येणारी तरुण जोडपी माझ्याकडे पाहून आवाज खाली आणत आणि लवकर निघत.

"बेन, घर अजून सुतकात दिसतंय," शेजारचे दलाल केतुलभाई म्हणाले. "आजच्या मुलांना उजेड लागतो. झोपाळा काढा, नाहीतर पांढरा तरी करा."

"बा ओरडली असती."

"बा माझ्यावर रोजच ओरडायच्या. तुम्ही रंग आणा."

तरुबेनने जाड पडदे उतरवले, भिंतीवरचे फोटो काढले. माझी साडीची गाठ सोडली, मला घासलं आणि स्वतः रंग दिला. रंग वाळला, तरी ती माझ्यावर बसली नाही.

मग मौलिक आणि खंजन आले. नवं लग्न झालेलं. केतुलभाईंनी उत्साहात मला जोरात झोका दिला. "बघा, कड्या कशा मजबूत आहेत!"

रिकामा झोपाळा आमच्याकडे कुणी हलवत नाही. घराला अशुभ मानतात. तरुबेन धावली. पण खंजनने आधीच माझा दांडा धरला होता. दोघींचे हात एकावर एक पडले.

"रिकामा नका हलवू, भाई," खंजन म्हणाली. "माझ्या आत्याने तुमचा कान पिळला असता."

"मग बस ना, बेटा," तरुबेन म्हणाली.

"तुम्ही पण या, मासी. एकटीने काय बसायचं?"

तरुबेन बसली. तिचे पाय आपोआप झोका देऊ लागले.

"पांढऱ्यावर चहा सांडला तर?" मौलिकने विचारलं.

"सांडला की आपला झाला," खंजन म्हणाली.

घर त्यांनीच घेतलं. तरुबेनच्या सुरतेच्या घरात मला टांगायला जागा नव्हती, म्हणून मी इथेच राहिलो. किल्ली देऊन ती माझ्यावरून उठली, तेव्हा सवयीने मला थांबवायला तिने हात पुढे केला. मग खंजन अजून बसलेली आहे हे पाहून तिने तो मागे घेतला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना हवा तो रंग द्या. फक्त आमच्यावर बसत जा.