ट्रकच्या ट्यूबचा समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे, ट्रकच्या मागच्या चाकातली. माझे रस्त्यावरचे दिवस अंधारात गेले. टायरच्या पोटात राहणाऱ्याला बाहेरचे काय दिसणार? पुन्हा पुन्हा पंक्चर होऊ लागले, तेव्हा भोईवाड्यातल्या पंक्चरवाल्याने मला दुकानाबाहेर टाकले. "ही आता ओझ्याला चालायची नाही," तो म्हणाला. नेमका तिथून जाणाऱ्या राजरत्नने मला मागून घेतले आणि खांद्यावर टाकून नायगावच्या बीडीडी चाळीत आणले.

राजरत्न बसच्या वर्कशॉपात फिटर होता. त्याने मला साबणाने घासले, नवे ठिगळ लावले. माझा व्हॉल्व्ह कोणाच्या पोटाला टोचू नये म्हणून त्यावर जुन्या बनियनची चिंधी गुंडाळली. मे महिना लागला, की चाळीतल्या पोरांना घेऊन तो टिळक पुलावरून दादरच्या समुद्रावर जायचा. पोरे मला आळीपाळीने डोक्यावर घेत. पाण्यात माझ्या अंगाला लोंबकळत, ढोल समजून मला बडवत, नाकात खारे पाणी गेले की ठसकत आणि पुन्हा उड्या मारत. राजरत्नची मुलगी अपेक्षा माझ्याच आधाराने पोहायला शिकली. मित्रांनो, ट्रकखाली मी कितीतरी ओझे वाहिले होते, पण कोणी माझ्यावर हसत बसलेले मला ठाऊकच नव्हते!

राजरत्नची बायको सरोजिनी मात्र वाळूवर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसे. ती मराठवाड्यातल्या कोरड्या गावची. खोल पाणी म्हटले की तिला फक्त विहीर आठवे.

"सरोज, निदान गुडघ्यापर्यंत तरी ये!" राजरत्न पाण्यातून ओरडे.

"माझं इथंच बरंय. तुमचा खेळ चालू द्या," ती तिथूनच हात हलवी.

पुढे पोरे मोठी झाली, कामाधंद्याला लागली. राजरत्न निवृत्त झाला आणि थोड्याच दिवसांत त्याला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. जीभ जड झाली. औषधांनी तो बचावला, पण चार माणसांत बोलायला लाजू लागला आणि मग घरातही बोलेनासा झाला. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून राही. मी गॅलरीतल्या खिळ्यावर सुकत होते. माझ्यावर धूळ बसली, उन्हाने अंग कडक झाले.

मग चाळ रिकामी करायची वेळ आली. नव्या इमारतीत जायचे म्हणून अपेक्षाने भंगार वेगळे काढले, त्यात मीही गेले. भंगारवाल्याने मला उचलले तेव्हा राजरत्नने डोळे मिटून घेतले. सरोजिनीने ते पाहिले.

"ओ भाऊ, ती नाही. ती ठेवा खाली."

"मम्मी, काय करणारेस तिचं?" अपेक्षाने विचारले.

"तुझ्या पप्पांना समुद्रावर नेणार."

"डोकं फिरलंय का तुझं? त्यांचा पाय जमिनीवर धड पडत नाही!"

"जमिनीवर पडत नाही म्हणूनच."

डॉक्टरांनी आढेवेढे घेत परवानगी दिली. समुद्र शांत हवा, पाणी कमरेच्या वर नको आणि दोघींनी दोन्ही बाजूंनी धरायचे. एका रविवारी सकाळी माझी ठिगळे तपासून हवा भरली आणि आम्ही टॅक्सीने दादरला गेलो. सरोजिनीने अपेक्षाचा जुना पंजाबी ड्रेस घातला होता. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण राजरत्नला धरून ती चालत राहिली. पाणी घोट्यापाशी आले, मग गुडघ्यापाशी, मग कमरेपाशी. आयुष्यात इतक्या पुढे ती कधी आली नव्हती. दोघींनी मिळून राजरत्नला माझ्यावर टेकवले.

मी त्याला अलगद उचलले. त्याचा लुळा पाय पाण्यावर तरंगला आणि लाटेबरोबर हलू लागला. तो त्या पायाकडे बघतच राहिला.

तेवढ्यात सरोजिनीच्या पायाखालची वाळू सरकली. ती किंचाळली, मला घट्ट पकडून तिने सारे अंग ताठ केले. अपेक्षा माझ्या पलीकडच्या बाजूला होती. तिला वळसा घालून येता येईना. पण राजरत्नच्या उजव्या हाताने सरोजिनीचे मनगट धरले.

"सरोज," तो म्हणाला. शब्द जड होते, तरी आम्हा सर्वांना ऐकू आले. "सैल... सोड. अंग सैल सोड. मी आहे ना."

ती सैल झाली. पाण्याने तिला उचलले. तिच्या तोंडावर खारे पाणी उडाले आणि ती रडते आहे की हसते आहे हे मला कळेना. बहुधा दोन्ही.

मित्रांनो, चमत्कार काही झाला नाही. राजरत्नचा डावा हात आजही तसाच आहे. पण त्या उन्हाळ्यात समुद्र शांत असेल त्या प्रत्येक रविवारी आम्ही गेलो आणि तो बोलू लागला, कारण बायकोला पोहायला शिकवायचे म्हणजे सूचना द्याव्या लागतात. "पाय मार." "मान वर." "घाबरतेस काय!" नव्या घरी आता तो भाजी अळणी झाली म्हणून भांडतोसुद्धा.

एवढेच सांगते. मोठ्या माणसांचा हात धरूनच पाण्यात उतरा आणि तुमचा कचरा समुद्राला देऊ नका. माझ्यासारख्या ट्यूबला घरी आणलेत की गोड्या पाण्याने धुवा, सावलीत ठेवा. आणि घरातले कोणी खिडकीशी गप्प बसले असेल, तर त्याला काय आवडायचे ते आठवा आणि तिथे घेऊन जा. तो नको म्हणेल. तरी एकदा न्या.

गेल्या रविवारी राजरत्न माझ्यावर रेलून उथळ पाण्यात बसला होता. थोड्या अंतरावर सरोजिनी कोणाच्याही आधाराशिवाय उताणी तरंगत होती, डोळे मिटून, कान पाण्यात.

"सरोज, पुरे आता! ऊन झालं, चल घरी!" तो ओरडला.

तिला ऐकूच गेले नाही.